बार्शी ते फलटण: विषाणू वाचण्याची अठ्ठेचाळीस वर्षं

शनिवार, १८ डिसेंबर २०२१. राज्याच्या आरोग्य विभागाच्या त्या दिवशीच्या पत्रकात ओमायक्रॉनचे आठ नवे रुग्ण होते. चार मुंबई विमानतळावरच्या तपासणीत सापडलेले, एक पुणे शहरातला आणि तीन सातारा जिल्ह्यातले. राज्याचा एकूण आकडा ४८ झाला. साताऱ्याचे तिघं फलटणचे, एकाच कुटुंबातले, पूर्व आफ्रिकेतल्या युगांडाहून परतलेले. तिघांपैकी कुणाचीही प्रकृती गंभीर नव्हती.

तोवर ओमायक्रॉनच्या बातम्यांत कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड, मुंबई, नागपूर ही नावं येऊन गेली होती. लातूर, उस्मानाबाद, बुलढाणाही. आता फलटण. नाईक निंबाळकरांची जुनी राजधानी, सईबाईंचं माहेर, महानुभावांचं तीर्थक्षेत्र, आषाढीला निघालेल्या माउलींच्या पालखीचा मुक्काम. उसाचं, दुधाचं आणि अलीकडे कारखान्यांचं गाव. विमानतळ नाही, वैद्यकीय महाविद्यालय नाही. लोणंदहून रेल्वेचा रूळ गावात पोचायलाच २०१९ उजाडलं. अशा तालुक्याच्या गावात कुणाच्या तरी नाकातून घेतलेला स्वॅब पुण्याच्या दिशेनं गेला, त्यातल्या विषाणूचं जनुकीय लेखन अक्षर न् अक्षर वाचलं गेलं आणि जगाला ज्याचं नाव कळून जेमतेम तीन आठवडे झाले होते तोच हा प्रकार आहे, हे काही दिवसांत कळलं.

या बातमीनं लोक घाबरले, आणि ते स्वाभाविक होतं. दुसऱ्या लाटेतली खाटांची आणि ऑक्सिजनची धावपळ सातारा-सांगलीत कुणीच विसरलेलं नव्हतं. पण मला या बातमीत वेगळंही काही दिसतं. महाराष्ट्रात साथीच्या विषाणूचं जनुकीय वाचन होतच नव्हतं असं नाही. ते होत होतं, पण साथ ओसरल्यावर. नमुना घेणं आणि तो वाचणं यांच्यात कधी तीन दशकं गेली, कधी सहा वर्षं, कधी पाच महिने. फलटणपर्यंत येता येता ते अंतर दिवसांवर आलं. साथरोगांच्या आपल्या इतिहासातला हा मोठा पल्ला आहे आणि तो बहुतांशी याच टापूत, पुण्याच्या भोवतालच्या शे-दीडशे किलोमीटरांत गाठला गेला.

*

सुरुवात बार्शीपासून करावी लागते. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या या बाजारपेठेच्या गावात तापाची जबर साथ आली. ताप दोन-चार दिवसांत उतरे, पण सांधे धरलेले राहत. माणसाला धड उभं राहता येत नसे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचं पथक गावात गेलं. हे केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभं केलं होतं. १९७८ नंतर आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही म्हणतो. पथकानं घरोघर पाहणी केली, रक्त घेतलं, डास पकडले, विषाणू वेगळा केला. तो चिकुनगुन्याचा होता.

त्या काळी शास्त्रज्ञांना विषाणूचं नाव सांगता येत होतं. तो कुठल्या घराण्याचा आणि आला कुठून, हे सांगायला त्यांच्याकडे साधनच नव्हतं. डीएनएचा अक्षरक्रम वाचण्याची फ्रेडरिक सँगर यांची पद्धत १९७७ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे बार्शीच्या साथीनंतर चार वर्षांनी. मग पथकानं त्या वेळी शक्य होतं ते सर्वांत शहाणपणाचं काम केलं. विषाणू अतिशीत तापमानात जपून ठेवला. प्रयोगशाळेच्या शीतपेट्यांमध्ये अशा कुप्या वर्षानुवर्षं सांभाळणं हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. वीज जाऊ द्यायची नाही, चिठ्ठ्या पुसू द्यायच्या नाहीत, नोंदवह्या जपायच्या. पुढे जे घडलं ते या निगुतीमुळेच घडू शकलं.

बार्शीनंतर चिकुनगुन्या देशातून जवळजवळ दिसेनासा झाला. बत्तीस वर्षांनी, २००५ च्या अखेरीस, तो आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात एकदम उसळला. २००६ या एका वर्षात देशात जवळपास १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात अख्खी घरं अंथरुणाला खिळली. खुरपणीला, तोडणीला माणूस मिळेना. प्रश्न उघड होता: जुनाच विषाणू परतला की नवा कुणी आला?

एनआयव्हीनं जुन्या कुप्या बाहेर काढल्या. १९६३ चा कोलकात्याचा विषाणू, १९७३ चा महाराष्ट्रातला आणि २००६ चे ताजे नमुने शेजारी शेजारी ठेवून वाचले गेले. डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संपूर्ण जनुकसंच मांडले. प्रत्येकी जवळपास बारा हजार अक्षरांचे. उत्तर निःसंदिग्ध होतं. कोलकाता आणि बार्शीचा विषाणू आशियाई घराण्यातला होता. २००६ चा विषाणू आफ्रिकी घराण्यातला, पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकेत मुरलेला. परतलेला पाहुणा जुना नव्हताच.

त्याच वाचनात आणखी एक कुपी होती. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतमध्ये २००० साली पकडलेल्या एडिस इजिप्ती डासातून मिळालेला विषाणू. तोही आफ्रिकी घराण्याचा निघाला. म्हणजे देशभर थैमान घालणारं हे घराणं स्फोटाच्या पाच वर्षं आधी यवतच्या डासांमध्ये येऊन राहिलं होतं. नमुना होता, तो व्यवस्थित जपलेला होता. पण तो सहा वर्षांनी वाचला गेला.

यात कुणाचा हलगर्जीपणा होता असं मला वाटत नाही. २००० साली एक जनुकसंच वाचणं महागडं आणि वेळखाऊ होतं. साथ नसताना एका डासातला विषाणू वाचायला पैसे कोण देणार? पण यवतची ती कुपी मला विसरता येत नाही. ती वेळेत वाचली असती तर साथ टळलीच असती असं म्हणणं अतिरेकाचं होईल. मात्र गावोगावच्या पाण्याच्या टाक्या, रांजण, टायर यांच्याकडे पाहण्याची नजर पाच वर्षं आधी बदलली असती, एवढं म्हणायला जागा आहे. २००६ च्या वाचनाचा उपयोग मात्र पुढच्याच वर्षी दिसला. रियुनियन बेटावर या विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनात २२६ व्या जागी एकच बदल झाला होता, आणि त्यामुळे एडिस अल्बोपिक्टस हा दुसरा डासही त्याला सहज वाहून नेऊ लागला होता. भारतात २००६ मध्ये तो बदल नव्हता. २००७ मध्ये केरळात तो दिसला. रबराच्या मळ्यांचा, झाडाझुडपांचा तो मुलूख अल्बोपिक्टसचाच. एका अक्षराच्या फरकानं कुठला डास मारायचा हे ठरतं, हे तेव्हा आरोग्य खात्यांना कळलं.

*

जानेवारी २०२० मध्ये काळाचा वेग बदलला. चीनमधल्या झांग योंगझेन यांच्या गटानं वाचलेला नव्या करोना विषाणूचा जनुकसंच एडवर्ड होम्स यांच्यामार्फत ११ जानेवारीला सर्वांसाठी खुला झाला. २९,९०३ अक्षरं. जगातल्या आरटीपीसीआर चाचण्या त्या मजकुरावरून घडल्या. ३० जानेवारीला केरळात देशातला पहिला रुग्ण निश्चित झाला तो पुण्यात एनआयव्हीमध्ये झालेल्या तपासणीतून, आणि देशातले पहिले दोन जनुकसंचही डॉ. प्रज्ञा यादव यांच्या गटानं तिथेच वाचले.

पण वाळव्याला, फलटणला, कराडला या वाचनाचा स्पर्श नव्हता. मार्च २०२० मध्ये सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातून सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात संसर्ग पसरला, पंचवीसच्या आसपास माणसं बाधित झाली आणि गाव देशभर गाजलं. तिथली साखळी तोडली ती आशा सेविका, तलाठी, पोलीस आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी. कोण कुणाला भेटलं ते विचारून, घरं मोजून, रस्ते बंद करून. विषाणूचं वाचन तिथे कुणाच्या हाती नव्हतं आणि त्यावाचूनही काम झालं, हे मुद्दाम नोंदवतो. माणसांचा माग काढण्याची ती जुनी शिस्त नसेल तर प्रयोगशाळेतून आलेल्या अक्षरांचं कुणी काही करू शकत नाही.

त्याच महिन्यात सातारा जिल्ह्यात वेगळ्याच कामासाठी एनआयव्हीचं पथक महाबळेश्वरच्या गुहेत वटवाघळांचे नमुने घेत होतं. त्यांतल्या काही वटवाघळांत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडं आढळली. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा पर्यटनाच्या हंगामाची काळजी करणाऱ्यांनी नाक मुरडलं. महाराष्ट्रात निपाहनं एकही माणूस आजारी पडलेला नव्हता, नेमक्या याच कारणासाठी ती पाहणी मोलाची होती.

३० डिसेंबर २०२० ला केंद्र सरकारनं इन्साकॉग ही करोना विषाणू वाचणाऱ्या दहा प्रयोगशाळांची साखळी उभी केली. त्यांतल्या दोन पुण्यातल्या: एनआयव्ही आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. ब्रिटनमध्ये अल्फा प्रकार उसळला होता आणि सगळ्यांचं लक्ष विमानतळांवर होतं. २४ मार्च २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं पहिला मोठा हिशेब दिला. १०,७८७ नमुन्यांत ७७१ चिंताजनक प्रकार सापडले. ७३६ ब्रिटनचे, ३४ दक्षिण आफ्रिकेचे, एक ब्राझीलचा. त्याच पत्रकात खाली एक परिच्छेद होता. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल डिसेंबरपासून वाढत होते आणि आता १५ ते २० टक्के नमुन्यांत दिसत होते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटलं. अमरावती-अकोल्याकडे फेब्रुवारीपासूनच रुग्ण वेड्यासारखे वाढत होते.

हा बी.१.६१७ चा परिवार. एनआयव्हीतल्या डॉ. सारा चेरियन, डॉ. वर्षा पोतदार आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेचा संबंध त्याच्याशी जोडून दाखवला. या परिवाराच्या ज्या शाखेत ई४८४क्यू नव्हताच, तिनं पुढे बाकीच्यांना मागे सारलं. ३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं तिचं नाव डेल्टा ठेवलं. तिचे सर्वांत आधीचे नमुने भारतातलेच, ऑक्टोबर २०२० चे. ऑक्टोबर ते मार्च, पाच महिने. यवतच्या सहा वर्षांपुढे हे अंतर कितीतरी थोडं वाटतं. पण करोनाच्या साथीत पाच महिने हा फार मोठा काळ असतो. शोध परदेशी प्रकारांचा चालला होता आणि घातक प्रकार विदर्भातल्या गावांत वाढत होता. बाधितांच्या पाच टक्के नमुन्यांचं वाचन करायचं उद्दिष्ट कागदावर होतं. नमुनेच पोचत नव्हते, पैसे आणि रसायनं अडली होती. मे महिन्यात सातारा जिल्ह्यात दिवसाला दोन हजारांवर रुग्ण सापडत होते. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यानं निर्बंध सैल केले तेव्हाही सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर वगळलेल्या अकरा जिल्ह्यांत होते. माणसं गेली. आपल्या हाती वेळेवर आलेलं वाचन नव्हतं, याची किंमत या जिल्ह्यांनी मोजली असं मला वाटतं.

या धड्यातून एक व्यवस्था निघाली. राज्यानं दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेशी ठरवून प्रत्येक जिल्ह्यातून शंभर नमुने वाचनासाठी नियमित पाठवायला सुरुवात केली. पुण्यातल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. राजेश कार्यकर्ते यांच्याकडे राज्याच्या समन्वयाचं काम आलं. मुंबई महापालिकेनं ऑगस्टमध्ये कस्तुरबा रुग्णालयात स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. त्याआधी जूनमध्ये याच जाळ्यात डेल्टाचीच शाखा असलेल्या डेल्टा प्लसचे २१ रुग्ण सापडले. रत्नागिरीत नऊ, जळगावात सात. त्यावरून राज्यभर निर्बंध पुन्हा आवळले गेले. डेल्टा प्लस पुढे फारसा पसरला नाही आणि त्या निर्णयावर टीका झाली. मला ती टीका अर्धीच पटते. रत्नागिरीतला नमुना वाचला जातोय आणि त्यावर काही तरी केलं जातंय, ही सवय त्या जूनमध्ये लागली.

जुलैच्या अखेरीस पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला. बेलसर फलटणपासून लांब नाही. जेजुरी, नीरा, लोणंद ओलांडलं की फलटणच. गावात महिनाभर तापाचे रुग्ण होते, एनआयव्हीच्या तपासणीत बरेचसे चिकुनगुन्याचे निघाले आणि त्यांच्यातच झिका लपलेला होता. एकाच डासाचे दोन्ही आजार. लक्षणांवरून कुणाला वेगळे करता आले नसते.

*

आता ओमायक्रॉन. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या गौतेंग प्रांतात काही प्रयोगशाळांना एक विचित्र गोष्ट दिसली. त्यांच्या आरटीपीसीआर संचात विषाणूची तीन जनुकं तपासली जात आणि त्यांतलं ‘एस’ जनुक एकाएकी दिसेनासं झालं होतं. डेल्टामध्ये असं होत नसे. नमुने वाचले तेव्हा एकट्या काटेरी प्रथिनात तीसहून अधिक बदल निघाले. तूलिओ द ओलिव्हेरा यांच्या गटानं आणि बोत्स्वानातल्या शास्त्रज्ञांनी ते झाकून ठेवलं नाही. २४ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं, २६ ला ओमायक्रॉन हे नाव पडलं. पहिला ज्ञात नमुना होता ९ नोव्हेंबरचा. पंधरा दिवस! त्या प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून श्रीमंत देशांनी दक्षिण आफ्रिकेची विमानं बंद केली. हा अन्याय होता आणि तो अन्याय आहे हे तेव्हाच मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

भारतात २ डिसेंबरला बंगळुरूत पहिले दोन रुग्ण सापडले, ४ डिसेंबरला कल्याण-डोंबिवलीत एक, ५ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमध्ये सहा आणि पुण्यात एक. केंद्रानं जोखमीच्या देशांची यादी केली होती: युरोपातले देश, दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, झिंबाब्वे, मॉरिशस, ब्राझील वगैरे. तिथून आलेल्या प्रत्येकाची विमानतळावर चाचणी, सात दिवस घरात विलगीकरण, आठव्या दिवशी पुन्हा चाचणी. युगांडा त्या यादीत नव्हता. इतर देशांतून आलेल्यांपैकी शेकडा दोघांचीच विमानतळावर तपासणी होई.

म्हणून फलटणचं सापडणं मला महत्त्वाचं वाटतं. महाराष्ट्रानं विमानतळावर विसंबून न राहता १ नोव्हेंबरपासून परदेशातून आलेल्यांचा गावोगाव शोध घ्यायचं ठरवलं होतं. याद्या जिल्ह्यांकडे, जिल्ह्यांकडून तालुक्यांकडे. मग फोन, पत्ता, भेट, स्वॅब. इस्लामपुरात मार्च २०२० मध्ये वापरलेली तीच शिस्त. फरक एवढाच की बाधित निघालेला स्वॅब आता पुढे जात होता.

पुढे म्हणजे काय, हे सांगायला हवं. आरटीपीसीआरमध्ये किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला, त्याला सीटी मूल्य म्हणतात. ते कमी म्हणजे नमुन्यात विषाणू भरपूर. असाच नमुना वाचनाला घेतात. विरळ नमुन्यातून धड अक्षरं निघत नाहीत. स्वॅब थंड ठेवून न्यावा लागतो, कारण विषाणूचा आरएनए उष्णतेत झपाट्यानं तुटतो, आणि उपजिल्हा रुग्णालयातून निघालेल्या डब्यातला बर्फ वितळला तर पुढची सगळी यंत्रं निरुपयोगी. प्रयोगशाळेत आरएनएचं डीएनएत रूपांतर करतात, मग तीस हजार अक्षरांच्या या मजकुराचे एकमेकांवर थोडे चढलेले शंभरेक तुकडे करून त्यांच्या असंख्य प्रती काढतात. यंत्र ते तुकडे वाचतं. संगणक त्यांची टोकं जुळवून सलग मजकूर लावतो आणि वुहानच्या पहिल्या मजकुराशी ताडून पाहतो: कुठे अक्षर बदललं, कुठे गळलं. या बदलांच्या संचावरून घराणं ठरतं. सगळं सुरळीत गेलं तर चार-पाच दिवस.

जनुक वाचणं फलटणला अगदीच अनोळखी नव्हतं, याचा मला आनंद वाटतो. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली इथे स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत सुंदरबनच्या गरोळ मेंढीतलं फेक-बी हे जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणायचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. कोकराच्या थेंबभर रक्तातून ते जनुक आहे की नाही हे पाहायची डीएनए चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीनं वापरात आली. ‘सुवर्णा’ मेंढी त्यातून घडली. धनगरांच्या वाड्यावर एका अक्षराच्या फरकानं काय होतं हे ठाऊक असलेलं हे गाव आहे.

तिघांच्या संपर्कातल्यांच्या चाचण्या झाल्या. फलटण हे ओमायक्रॉनचं केंद्र झालं नाही. पण फलटणमुळे ओमायक्रॉन थांबलाही नाही आणि तसा दावा कुणी करू नये. २४ डिसेंबरला राज्यानं रात्रीची जमावबंदी लावली. डिसेंबरच्या सुरुवातीला राज्यात रोज हजाराच्या आत असलेले रुग्ण १२ जानेवारीला ४६ हजारांच्या वर गेले. इन्साकॉगनं जानेवारीतच सांगून टाकलं की ओमायक्रॉन आता समाजात पसरला आहे. प्रवाशांचा माग काढण्याला अर्थ उरला नाही.

मग उपयोग काय झाला? मला तो तीन ठिकाणी दिसतो. पहिला डॉक्टरांच्या हातात. डेल्टाच्या काळात वापरली जाणारी महागडी प्रतिपिंड-औषधं, कॅसिरिव्हिमॅब आणि इम्डेव्हिमॅबची जोडी, ओमायक्रॉनवर निकामी ठरली. रुग्णाला कुठला प्रकार झाला आहे याचा अंदाज नसता तर कुटुंबांनी त्या इंजेक्शनांसाठी दागिने विकले असते. दुसरा जिल्हा प्रशासनाच्या हातात. प्रकार डेल्टा नाही, फुप्फुसापर्यंत कमी जातो, लस घेतलेल्यांना बहुधा दवाखान्यात यावं लागत नाही, हे जानेवारीच्या मध्याला ठामपणे कळत होतं. चाळीस हजारांचा आकडा पाहून पुन्हा कडकडीत टाळेबंदी लावली नाही ती याच कारणानं. हातावर पोट असलेल्यांसाठी, तोडणीच्या हंगामात फडात उतरलेल्या टोळ्यांसाठी ही गोष्ट लहान नव्हती.

तिसरा उपयोग आकड्यात मांडता येत नाही. तालुक्यातून निघालेला नमुना वाचून परत येतो, ही वाट चालून पाहिली गेली. कोण स्वॅब घेणार, डबा कोण नेणार, अहवाल कुणाच्या फोनवर येणार, हे फलटणला, लातूरला, बुलढाण्याला एकदा घडून गेलं. यवतच्या डासाला अशी वाट नव्हती. अक्षरं वाचणारी यंत्रं आज पुण्या-मुंबईत पुरेशी आहेत. कमतरता असते ती तालुक्यातून वेळेत, थंड आणि नीट नोंदलेल्या अवस्थेत निघणाऱ्या नमुन्याची. सरकारी पैसा यंत्रांच्या उद्घाटनावर जितका खर्च होतो त्याचा थोडा भाग या डब्यांवर आणि ते नेणाऱ्या माणसांवर व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण ही वाट ओस पडायला वेळ लागत नाही. तिसऱ्या लाटेत घरच्या घरी चाचणी करणाऱ्या पट्ट्या दुकानात मिळू लागल्या. सोयीच्या होत्या, पण पट्टीवरचा विषाणू कचऱ्यात गेला, प्रयोगशाळेत नाही. पुण्यात सांडपाण्यातला विषाणू वाचायचे प्रयोग झाले. तालुक्याच्या गावांत बंदिस्त गटारांचं सलग जाळं नसतं, त्यामुळे तिथे तो मार्गही अर्धाच. उरतो तो दवाखान्यात तापानं आलेला माणूस आणि त्याचा स्वॅब पुढे पाठवायचा की नाही हे ठरवणारा वैद्यकीय अधिकारी.

डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ नावाची ओमायक्रॉनचीच एक पुढची शाखा जगभर वाढत होती. २० डिसेंबरला राज्यातला तिचा पहिला रुग्ण जाहीर झाला. तो मुंबईत सापडला नाही, पुण्यातही नाही. तो सिंधुदुर्गातला होता.